माळावरचा आडवा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझी कीव करू नका. जुनी वस्तू आपली गोष्ट सांगू लागली की ऐकणाऱ्याने डोळे पुसायचे, असा एक रिवाज पडून गेला आहे. मला तो मान्य नाही. आयुष्यभर लोकांनी मला शिव्या घातल्या, लाथा मारल्या. आता म्हातारपणी गोडगोड बोलून कुणाकडून कौतुक मिळवण्याची माझी इच्छा नाही. मला एका भांडणाची हकिकत सांगायची आहे. त्या भांडणात मी एका बाजूचा होतो आणि अजूनही आहे.

माझा जन्म एका सुताराकडे झाला. एक पडके गोदाम मोडले होते, त्याच्या तुळयांच्या फळ्या पाडून त्याने मला जोडले. लाकूड जुने असल्यामुळे पुढे मी कधी फुगलो नाही, वाकलो नाही. गिऱ्हाइकाने बजावले होते, "जाडजूड करा. आतला आवाज बाहेर जाता कामा नये." ते गिऱ्हाईक म्हणजे दातांची एक तरुण डॉक्टर होती. तिच्या दवाखान्यात बाहेर बसायची खोली होती, आत खुर्ची आणि यंत्रे होती, आणि मधे मी.

आता तुमच्या लक्षात आले असेल, माझ्या वाट्याला कोणते प्रेम आले असेल ते. माझी मूठ धरून मोठमोठी माणसे उभी राहत आणि घरी एखादे काम राहिल्याचे त्यांना अचानक आठवे. मुले माझ्या खालच्या फळीवर बुटांनी लाथा हाणत. तिथे पडलेला खळगा अजून आहे. एक आडदांड बसड्रायव्हर तर माझ्यावर कपाळ टेकून उभ्याउभ्या बेशुद्ध पडला. पुढे सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणू लागले. त्यांचे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

बाहेरच्या बाकावर डॉक्टरबाईंची लेक बसलेली असे. शाळा सुटली की ती तिथेच येई, कारण घरी कुणी नसे. तिचे डोके कायम पुस्तकात. एखादा पेशंट चुळबुळ करू लागला की पान न सोडता ती म्हणे, "दुखत नाही."

"तुला गं काय ठाऊक?" तो विचारी.

"मला नाही ठाऊक. आईनं सांगायला सांगितलंय, म्हणून सांगते."

अशी ती मुलगी होती. मोठेपणी ती दुसऱ्या शहरात गेली. पुस्तके छापून निघण्याआधी त्यांतल्या चुका शोधायचे काम तिने धरले. मला नवल वाटले नाही.

गावाच्या कडेला एक माळ होता. मी तो तेव्हा पाहिला नव्हता, पण दवाखान्यातले सगळे बोलणे मला ऐकू येई. डॉक्टरबाईंच्या लहानपणी त्या माळावर कमरेएवढे गवत होते आणि गवतात चंडोल गात असत. चंडोल म्हणजे चिमणीपेक्षा थोडा मोठा, मातीच्या रंगाचा पक्षी. तो गातगात सरळ वर चढतो, आभाळात दिसेनासा होतो आणि दगडासारखा खाली येतो. पुढे लोकांनी माळावर पाडलेल्या घरांचा राडारोडा आणून टाकला. बाहेरच्या मुलखातून आलेली काटेरी झुडपे त्यावर माजली. गवत गेले आणि चंडोलही गेले.

बाईंनी तो माळ परत आणायचे ठरवले. त्यासाठी माणसे हवी होती. ती त्यांनी खुर्चीतच मिळवली. पेशंटच्या तोंडात आरसा आणि कापूस असताना त्या विचारत, "रविवारी सकाळी मोकळे आहात ना?" तोंड उघडे ठेवून नाही म्हणणे जमत नाही. ड्रायव्हरकाका अजून तक्रार करतात, "मी नुसतं आ केलं होतं. बाईंनी त्याचा होकार धरला."

गावातले निम्मे लोक असेच फसून माळावर गेले. झुडपे नुसती कापलेली बाईंना चालत नसत. "मूळ आत राहिलं तर पुन्हा ठणका लागणार," त्या म्हणत. म्हणून एकेक झुडूप मुळासकट उपटायचे. अस्सल गवताचे बी दोनच जागी शिल्लक होते, रुळांच्या कडेला आणि स्मशानाच्या भिंतीलगत, कारण तिथे कधी कुणी नांगर घातला नव्हता. ते वेचून वाळूत मिसळून पेरले. पहिल्या वर्षी काही उगवले नाही. दवाखान्यात येणारे लोक हसत. "डॉक्टरबाईंनी टक्कल पेरलंय म्हणे." बाई म्हणत, "गवत आधी खाली वाढतं. मूळ धरलं की मग वर येतं. तुम्ही आ करा."

ते वर आले. केव्हा आले ते मी पाहिले नाही, पण एका सोमवारी बाई आत आल्या तेव्हा त्यांच्या साडीच्या काठाला कुसळे चिकटलेली होती. माळावर चंडोल गायला होता.

पुढे बाईंचा हात किंचित कापू लागला. ज्या दिवशी हे त्यांच्या लक्षात आले त्याच दिवशी त्यांनी दवाखाना बंद केला. कुणी आग्रह केला तरी ऐकले नाही. सामान दुसऱ्या डॉक्टरांनी नेले. मला मात्र बाईंनी स्वतः बिजागऱ्यांवरून उतरवले, हातगाडीवर घालून माळावर आणले, आणि माझ्यातून दोन लांबट फटी कापल्या. एक मोठ्या माणसांसाठी, एक खाली मुलांसाठी. ज्या बाईने भूल दिल्याशिवाय कधी कुणाला हात लावला नाही, तिने मला असे धडधडीत जागेपणी चिरले. मी तेव्हा रागावलो होतो. मग त्यांनी मला आडवे करून चार खुंटांना स्क्रूने आवळले, वर पत्रा टाकला, बाजूंना चटया लावल्या. पक्षी बघणाऱ्यांनी लपून बसायची ही जागा, तिला लपण म्हणतात. पक्ष्यांना लपणात फक्त एक दरवाजा दिसे, आणि दरवाजाला पक्षी भीत नाहीत. मला न भिणारे प्राणी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या माळाचा आकार खालच्या जबड्यासारखा आहे. मधे खडकाळ खोलगट भाग, आणि त्याला वळसा घालून गवताचा पट्टा. लपण मधे, जिभेच्या जागी. गवतात खुणेला झाड नाही की खांब नाही, मग पक्षी कुठे आहे ते शेजाऱ्याला सांगायचे कसे? बाईंनी सगळ्यांना दात शिकवले. समोर पुढचे दात, मग सुळे, मग दाढा, दोन्ही टोकांना अक्कलदाढा. रविवारी सकाळी लपणात कुजबुज चाले, "उजव्या सुळ्यावर टिटवी." "डाव्या अक्कलदाढेवर भोवत्या घिरट्या घालतोय." भोवत्या म्हणजे घारीसारखा शिकारी पक्षी. कुणी पाहुणा आला तर त्याला वाटे, हे लोक अजून दवाखान्यातच बसले आहेत. याखेरीज दुसरे अक्षर बोलायचे नाही, हा बाईंचा नियम होता. पक्ष्याची जागा सांगा आणि गप्प बसा. गावातली सगळ्यांत बोलकी माणसे तिथे येऊन गप्प बसायला शिकली. त्या गप्प बसण्याने पुढे काय घोटाळा केला, ते आता ऐका.

डॉक्टरबाई वारल्या. इस्पितळात, थोड्या दिवसांच्या आजाराने. पुढच्या रविवारी सगळे लपणात आले, दुर्बिणी गळ्यात अडकवून बसले आणि कुणीही ती डोळ्यांना लावली नाही.

त्याच आठवड्यात लेक आली. मी तिला बाकावरच्या मुलीवरून ओळखले. ती माझ्या खालच्या फटीसमोर जमिनीवर बसली. तिच्या गळ्यात आईची दुर्बीण होती. दुर्बिणीचे दोन डोळे आपल्या डोळ्यांच्या अंतराइतके जवळ-लांब करून घ्यावे लागतात. तिच्या आईचे डोळे एकमेकांपासून जरा लांब होते. लेकीने दुर्बीण लावली की तिला एका माळाचे दोन माळ दिसत असणार, अर्धवट एकमेकांवर आलेले. तरी तिने ते अंतर बदलले नाही. तशीच बघत राहिली.

तेवढ्यात मामा आला. हा बाईंचा धाकटा भाऊ, बहिणीवर जीव असलेला आणि सगळ्यांना चटकन हो म्हणणारा.

"अगं, इथं काय करतेस एकटी? घरी माणसं येऊन बसलीत."

"येते मामा. पाच मिनिटं."

मामा स्टुलावर टेकला. "अध्यक्षबाईंचा फोन होता. पालिकेच्या. ताईच्या नावानं इथं स्मृतिवन करायचं म्हणतात. सगळ्या माळावर झाडं, रस्त्याला कमान, कमानीवर ताईचं नाव. मी हो म्हणून टाकलं. तुला चालेल ना?"

ती फटीतून बाहेर पाहत होती. "चालेल," ती म्हणाली. "झाडं चांगलीच की."

"तेच म्हणतो मी. उभा जन्म लोकांचे दात काढण्यात घालवला बिचारीनं. मागं काय उरलं? गवत."

मित्रांनो, मी लाकूड आहे. मी झाडाच्या पोटचा आहे. झाडांविरुद्ध बोलणे म्हणजे मी माझ्याच घराण्याविरुद्ध बोलणे. पण त्या दिवशी मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. माझ्यातल्या फटींतून मी वर्षानुवर्षे तो माळ पाहत होतो. त्याच्यावर काय राहते ते मला माहीत होते.

पुढच्या रविवारच्या आत पालिकेचे मजूर येऊन गेले. जिथे जिथे खड्डा घ्यायचा तिथे त्यांनी चुन्याच्या फक्कीने पांढरे गोल आखले होते. रविवारी सकाळी लपण भरले. लेकही येऊन बसली. सगळ्यांना गोल दिसत होते आणि कुणी काही बोलत नव्हते. एक तर नियमच होता. शिवाय त्यांना वाटत होते, लेकीची हीच इच्छा आहे, तिच्या आईचे नाव आहे, आपण कोण मोडता घालणार? आणि लेकीला वाटत होते, ही आईची माणसे, माळ यांना ठाऊक, काही वाईट असते तर बोलली असती. दोन्ही बाजू माना खाली घालून एकमेकांचा मान राखत बसल्या होत्या. एवढा सभ्यपणा मी दवाखान्यातही पाहिला नव्हता.

मग ड्रायव्हरकाका कुजबुजले, "डावी दुसरी दाढ. चंडोल. चोचीत किडा."

सगळ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. लेकीनेही आपली लावली. तिला दोन धुरकट दाढा दिसल्या असाव्यात.  मग तिने दुर्बिणीचे दोन्ही डोळे हातांत धरले आणि हळूहळू जवळ आणले, आपल्याला हवे तेवढे. आईचे अंतर गेले. ते परत नेमके जमवता येत नाही, हे तिला ठाऊक होते.

आणि तिला दिसले. गवताच्या एका झुबक्याच्या बुडाशी वाटीएवढे घरटे, त्यात उघडलेल्या दोन पिवळ्या चोची. घरट्याभोवती फक्कीचा एक गोल. आखणाऱ्या मजुराचा पाय त्याच्यापासून वितीवर पडला असेल, त्याला ते दिसले नव्हते.

"काका," लेक म्हणाली. कुजबुजली नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाली. लपणातली सगळी माणसे दचकली. "इथं झाडं लावली तर हा चंडोल कुठं जाईल?"

काकांनी इकडेतिकडे पाहिले. "कुठं जायचाय? झाड आलं की त्याच्यावर कावळा येऊन बसतो. वरून त्याला सगळी घरटी दिसतात. चंडोल जमिनीवर घरटं करतो, आणि जिथून चारी दिशा दिसतात तिथंच करतो. झाडं उभी राहिली की तो येणार नाही. लावा पक्षी नाही, टिटवी नाही, भोवत्या नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कमानीवर तुझ्या आईचं नाव आहे, पोरी. आणि इथं बोलायचं नाही, हा तिचाच नियम."

"आई गेली, काका," ती म्हणाली. "नियम मोडला म्हणून रागवायला येणार नाही. आली तर मला बरंच वाटेल."

 मग मागून एकजण म्हणाला, "मलाही नको आहेत झाडं." दुसरी म्हणाली, "मी तर घरी भांडले यावरून." आणि मग त्या लपणात इतका कल्ला झाला की पुढच्या दातांवरच्या टिटव्या ओरडत उडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी लेकीने अध्यक्षबाईंना माळावर बोलावले. सोबत मामा होता. अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. त्यांनी माझी मूठ ओळखली आणि हसल्या. "याच्यासमोर मी रडले होते हो. तुमच्या आईंनी माझी अक्कलदाढ काढली. त्यांच्या नावानं गावात काहीतरी उभं राहायला नको का?"

"उभं राहील असं काही नको," लेक म्हणाली. "माळ आहे तसा राहू द्या."

"अहो, पण ही नुसती रिकामी जागा. गवत काय, कुठंही उगवतं."

"हे नाही उगवत. आईला विचारायला हवं होतं तुम्ही, ती असताना. तिनं तुम्हाला हे गवत पेरायला बोलावलं नव्हतं?"

"बोलावलं होतं. मी पळून गेले." अध्यक्षबाई प्रामाणिक होत्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "पण आता आमंत्रणं गेलीत. झाडं नकोत म्हणून मी लोकांना काय सांगू? डॉक्टरबाईंची लेकच झाडांच्या विरोधात आहे म्हणून?"

"सांगा. खरंच आहे ते. या जागेपुरतं."

अध्यक्षबाईंनी फक्कीच्या गोलांकडे पाहिले. "घरच्यांचीच इच्छा नसेल तर मी वाईटपणा घेणार नाही. माळ तसाच ठेवते, तसा ठरावही करून घेते. पण मग स्मारकही नाही. कमान नाही, पाटी नाही. आणि हे लपणही काढावं लागेल. पालिकेच्या जागेवर कुणा एकीचं खासगी बांधकाम मी राहू दिलं, तर उद्या प्रत्येकजण येईल. त्यांची म्हणून एकही वस्तू इथं राहणार नाही. विचार करून सांगा."

"अगं, असं नको करूस," मामा म्हणाला.  "गाव तिचं नाव लावतंय आणि तू पुसून टाकतेस? चार वर्षांनी कुणाला ठाऊक असेल, हे कुणी केलं ते?"

"नसेल ठाऊक."

"आणि चालेल तुला?"

"नाही चालणार, मामा," ती म्हणाली. "पण चंडोलाला चालेल." मग ती अध्यक्षबाईंकडे वळली. "काढते मी लपण."

मामा तिच्याशी न बोलता निघून गेला.

गावभर झाले. बाजारात लोक तिच्या तोंडावर म्हणाले, एवढी शिकलेली आणि झाडांच्या मुळावर उठलीय. कुणी म्हणाले, परगावी राहून डोकं फिरलंय. तिने कुणाला समजावत बसण्याचा खटाटोप केला नाही. रविवारी आमंत्रणाची माणसे रोपे घेऊन आलीच, तेव्हा ती रस्त्यावर उभी राहिली. शेजारी ड्रायव्हरकाका, आणि लपणातली बाकीची मंडळी खांद्याला खांदा लावून.

"रोपं परत न्या," तिने सांगितले. "बसथांब्यावर सावली नाही, तिथं लावा. शाळेच्या रस्त्याला लावा. तुमच्या दारात लावा. इथं नाही."

काहींनी नेली आणि खरोखर लावली. बरेचजण रोपे रस्त्याच्या कडेला टाकून, तोंड वाकडे करून निघून गेले. ती टाकलेली रोपे काकांनी जुन्या ओळखीवर एका बसच्या टपावर चढवली आणि बसथांब्यावर नेली.

मग ती माझ्याकडे आली, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. काका म्हणाले, "दे इकडं, गंजलेत ते." तिने दिला नाही. शेवटचा स्क्रू निघेना तेव्हा तिने कपाळ माझ्यावर टेकले आणि थोडा वेळ तशीच राहिली. माझ्यावर कपाळ टेकणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. ती भीत नव्हती. स्क्रू निघाला.

मला उचलून बाजूला ठेवले आणि चटया, पत्रा गुंडाळला. आणि मित्रांनो, तिथल्या माणसांनी माळाकडे पाहिले, मधे काही नसताना. इतकी वर्षे माझा समज होता की माझ्यामुळे त्यांना माळ दिसतो. खरे तर मी त्यांना त्याच्या दोन अरुंद पट्ट्या दाखवत होतो. काका सगळ्यांत आधी गवतात पोटावर आडवे झाले. मग एकेक करत सगळे. लेकही, तिच्या चांगल्या कपड्यांनिशी.  बऱ्याच वेळाने डाव्या दुसऱ्या दाढेवरून चंडोल उठला आणि गात वर चढला.

आता मी बाईंच्या घरी व्हरांड्यात आहे. मामाने मला तिथे आणून ठेवले. तो अजून लेकीशी सरळ बोलत नाही, पण रविवारी सकाळी माळावर जातो, आणि येताना त्याच्या सदऱ्याच्या पोटावर माती असते. माळावर बाईंचे नाव कुठेही नाही. नव्याने येणाऱ्या मुलांना ते ठाऊक नाही. दाढा आणि सुळे मात्र ती मुले बरोबर सांगतात. असे का म्हणतात, हे त्यांना कुणी सांगत नाही आणि त्यांनीही विचारलेले नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या गावात एखादी मोकळी जागा असेल आणि कुणी चांगल्या मनाचे माणूस म्हणेल, इथे काहीच नाही, चला काहीतरी करू या, तर आधी तिथे जाऊन पोटावर पडा आणि तासभर बघा. खरेच काही नसेल तर खुशाल झाडे लावा, माझ्या जातीचीच आहेत ती. पण काही असेल, तर उठून नाही म्हणा. समोर कितीही भला माणूस असो, कमानीवर कुणाचेही नाव असो. तुम्हाला लोक वाईट म्हणतील. म्हणू द्या. मला जन्मभर म्हणत आले, माझे काय बिघडले?